चाळीस जॅकेटं, पिवळी

"शुक्रवारी तपासणी आहे. त्याआधी चाळीस नवी जॅकेटं आणून ठेव. नाहीतर बोट बंद." सोमवारी सकाळी एवढं सांगून साहेब रजेवर गेले आणि धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतला कारकून घामाघूम झाला.

बोट बंद म्हणजे मोठीच पंचाईत. शाळा नदीपलीकडे, दवाखाना नदीपलीकडे, आणि पुलावरून जायचं तर दीड तासाचा वळसा. कारकुनाची बायकोच त्या दवाखान्यात नर्स होती. त्यामुळे बोट बंद पडली असती तर त्याची घरीही धडगत नव्हती.

त्यात माणूस भिडस्त. कुणाकडे काही मागायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. त्याने आधीच्या कारकुनाची जुनी वही चाळली. एका पानावर लिहिलं होतं, 'जॅकेट. उत्तम माणूस. शब्दाला पक्का.' खाली फोन नंबर. त्याचा जीव भांड्यात पडला.

"जॅकेटं करता ना तुम्ही?"

"पस्तीस वर्षं तेच करतोय," पलीकडून एक म्हातारा आवाज आला. "किती हवीत?"

"चाळीस. सगळी एकाच मापाची. पिवळी, लांबून उठून दिसतील अशी."

"त्यासाठीच तर जॅकेट असतं! पाठ केवढी धरू?"

कारकुनाने खिडकीतून तिकिटाच्या रांगेकडे नजर टाकली. "मध्यम धरा. दोन-चार जाडजूड असतात, पण घेतील चालवून."

"पाठीवर नाव?"

"टाका की. 'जलसेवा'. ठळक. आणि पाण्याने खराब होता कामा नयेत हं."

"वरून प्लास्टिक चढवतो. थेंब आत जाणार नाही. पण आत आहे काय?"

"आत?" कारकून गोंधळला. "आत माणसं. म्हातारीकोतारी, पोरंटोरं, बायाबापड्या."

म्हातारा गहिवरून म्हणाला, "वा! साध्या माणसांची एवढी कदर हल्ली करतो कोण? गुरुवारी दुपारी मी स्वतः आणून देतो."

"इतका मायाळू व्यापारी मी जन्मात पाहिला नाही," कारकुनाने बायकोला सांगितलं.

गुरुवारी दुपारी म्हातारा आला तो सायकलवरून. कॅरिअरला सुतळीने बांधलेला एक चपटा गठ्ठा.

"बाकीची टेम्पोने येतायत का?" कारकुनाने विचारलं.

"बाकीची कुठली? चाळीसच्या चाळीस यातच आहेत."

"एवढी पातळ?"

"पातळ? अहो, बाजारातला सगळ्यात जाड कागद आहे हा!"

कागद हा शब्द ऐकून कारकून खुर्चीत बसला. बोट चालवणाऱ्या तांडेलाने गठ्ठ्यातलं एक पिवळंधमक जॅकेट उचललं, उलटसुलट केलं, गळ्याभोवती गुंडाळून बघितलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, बुडताना हे बांधायचं कुठे?"

"बुडताना?" म्हाताऱ्याने चष्मा काढला. "अहो, मी बुकबाइंडर आहे. ही पुस्तकांची जॅकेटं आहेत!"

मग सगळा उलगडा झाला. हसायला फक्त तांडेल मोकळा होता.

कारकुनाने धीर करून फोन फिरवायला घेतले. पहिला लागला सुट्या भागांच्या दुकानात. "पाण्याचं जॅकेट आहे का?"

"वॉटर जॅकेट? आहे ना. कुठल्या इंजिनाला?"

"इंजिनाला नाही हो, माणसाला." फोन कट.

दुसरा लागला शिंप्याला. "आहे ना जॅकेट. नवरदेवाचं, एकदम झकास."

"ते घालून पाण्यात पडलं तर माणूस वाचेल का?"

"दादा," शिंपी हलक्या आवाजात म्हणाला, "मुलगी पसंत नसेल तर घरी स्पष्ट सांगून टाका. असं काही करू नका."

कारकुनाने फोन ठेवला आणि डोकं धरलं. बुकबाइंडर मात्र हलला नव्हता. त्याची चूक नव्हती, त्याने सायकल वळवून घर गाठलं असतं तरी कुणी बोल लावला नसता. पण तो म्हणाला, "उठा. पोहण्याच्या तलावावर जाऊ. तिथल्या बाईंची हजेरीपुस्तकं मीच बांधतो."

तलावावर गेल्यावर कारकून दाराशीच घुटमळला. "काय सांगायचं? त्या म्हणतील, हा कोण कुठला—"

"म्हणू देत की," असं म्हणून म्हातारा सरळ आत शिरला. "बाई, चाळीस लाइफ जॅकेटं हवीत. उद्या सकाळी. या माणसाची फजिती झालीय, आणि थोडी माझीही."

पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी पाठीचा किस्सा ऐकला आणि त्या हसता हसता भिंतीला टेकल्या. मग कमरेची किल्ली काढली. तलावाच्या फरश्या उखडलेल्या, महिनाभर काम चालणार. कोठीत बेचाळीस जॅकेटं लटकत होती. नारिंगी, शिट्टीसकट, एकही पट्टा उसवलेला नाही.

"परत कधी आणून देऊ?" कारकुनाने विचारलं.

"तुमची नवी आली की. आत्ता इथे बुडायचं म्हटलं तर पाणीच नाही." त्यांनी स्वतः दोन खेपा करून जॅकेटं कारकुनाने बोलावलेल्या टेम्पोत चढवली.

कारकुनाला नीट आभार मानायचे होते. पण तोंडून एवढंच निघालं, "तुमची पाठ दुखेल." यावर बाई पुन्हा हसायला लागल्या.

शुक्रवारी सकाळी बुकबाइंडर धक्क्यावर हजर. बरोबर पेटीभर पुस्तकं, सगळी पिवळ्या जॅकेटात. "लोकांनी बांधायला दिली आणि न्यायलाच आले नाहीत. एवढी जॅकेटं वाया का घालवायची? राहू देत बोटीवर, वाचतील कुणी." कारकुनाने ती पेटी बोटीतल्या बाकाखाली नाही, बाकावर ठेवली, चांगली पुसून.

तपासणीला आलेल्या बाई कडक होत्या. त्यांनी प्रत्येक पट्टा ओढून पाहिला, प्रत्येक शिट्टी वाजवली. मग शेरा लिहायला म्हणून बाकावर टेकल्या, आणि हाताशी आलेलं एक पिवळं पुस्तक त्यांनी सहज उघडलं.

बोट पलीकडे गेली. माणसं उतरली, नवी चढली. बाई उतरल्या नाहीत. बोट परत आली. बाई बसलेल्याच. तिसऱ्या फेरीला कारकून म्हाताऱ्याला घेऊन बोटीत चढला. शेऱ्याची ओळ अजून कोरी होती.

"बाई," तो चाचरत म्हणाला, "काही कमी आढळलं का?"

"हो," बाईंनी मान वर न करताच उत्तर दिलं. "शेवटची दोन पानं नाहीत."

कारकून मागे सरला. बुकबाइंडर मात्र पुढे झाला. "ती पुस्तक माझ्याकडे आलं तेव्हापासूनच नाहीत. पण मी दुसऱ्या प्रतीत वाचलंय ते. सांगू? फक्त वेळ लागेल. पलीकडे जाऊन यावं लागेल."

बाईंनी पुस्तक मिटलं, कागदावर 'समाधानकारक' असं लिहून सही ठोकली, आणि बाकावर सरकून म्हाताऱ्याला जागा करून दिली. कारकुनाने तांडेलाकडे पाहिलं. तांडेलाने कुणी सांगायची वाट न बघता इंजिन सुरू केलं, आणि जमेल तितकी सावकाश बोट सोडली.