दामूअण्णांची टकटक

आमचे व्याही दामूअण्णा कुठंही गेले की आधी टकटक करतात. दारावर नव्हे, भिंतीवर. बोटाच्या पेरानं वाजवायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा: "भरीव!" नाहीतर "पोकळ!" मुलीसाठी स्थळ बघायला आमच्या घरी आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी आमची भिंत वाजवली. म्हणाले, "पोकळ!" तरी मुलगी दिली. पण ते भिंतीचं मी विसरलेलो नाही. चार बुकंच शिकलो असेन, पण जन्मभर फरसाणाची भट्टी चालवलीय. माझ्या घराला कुणी पोकळ म्हणायचं काम नाही.

सध्या आम्ही दोघंही पोरांकडे, जर्मनीत ब्राउनश्वाइगला. इथल्या बेकरीत बाईनं हातात पाव दिला, तर ह्या गृहस्थानं तो उलटा करून वाजवला. म्हटलं, आता हाकलतात. तर ती खूश! "गेनाऊ!" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर. इथं पाव नीट भाजलाय का ते असंच बघतात म्हणे. दामूअण्णा दिवसभर छाती फुगवून फिरले.

माझ्या मुलानं, महेशनं, इथं जुनं घर घेतलंय. सुनेला, नेहाला, थंडी सोसत नाही, म्हणून लाकडं जाळायची शेगडी आणली. घरात विटांचं जुनं धुराडं होतं, पण पाइप जोडायचं भोक प्लास्टरखाली गडप. दामूअण्णा भिंत वाजवत सुटले आणि एकदम ओरडले, "पोकळ!" जन्मात पहिल्यांदा आनंदानं.

पुण्याला परत जायच्या आत शेगडी पेटलेली बघायची, एवढाच त्यांचा ध्यास. पण इथं धुराडी तपासणाऱ्या धुराडेवाल्यानं पास केल्याशिवाय काडी लावायची नाही.

महेशनं पाइप बसवला आणि कामावर गेला. दामूअण्णा लगेच उठले. "पाइप अजून आत हवा. धूर खोलीत आला तर पोरीला खोकला होईल."

"राहू द्या की."

"व्याहीबुवा, भट्टी वेगळी, घर वेगळं." आणि दिला ढकलून.

काळ्या कपड्यातला, उंच टोपीचा धुराडेवाला आला. धुराड्यात आरसा घालून बघितलं. "नाइन," म्हणजे नाही. पाइपच्या तोंडानं अर्धं धुराडं अडवलं होतं. धूर खोलीतच आला असता.

"कुणी केलं हे?" महेश म्हणाला. मी बोट दाखवलं. खरं सांगायला कसली लाज?

त्यानंतर दामूअण्णांनी एकही भिंत वाजवली नाही. जेवणही कमी झालं.

महेशनं पाइप मागे घेतला. धुराडेवाला परत आला तो दामूअण्णांच्या निघायच्या आदल्या दिवशी. बघितलं, मान डोलावली. दामूअण्णांनी त्याची पाठच वाजवली. "भरीव!" म्हटलं, आता हा चिडतो. नेहा हसली, "अहो बाबा, इथं त्यांना हात लावणं शुभ असतं."

नेहानं शेगडीला हळदकुंकू वाहिलं, वर दूध उतू घालवलं. सगळे शेकायला बसले, पण दामूअण्णा गायब. बघतो तर अंगणात, थंडीत, मान वर करून उभे.

"अहो, आत या. माझ्या एकट्यासाठी पेटवलीय का?"

"येतो. धूर बघतोय." मग हळूच म्हणाले, "पुण्याहून कुठला दिसायला पोरीच्या घरचा धूर?"

मी घराची भिंत बाहेरून वाजवली. थंडीसाठी तिला थर्मोकोल लावलाय, आवाज साफ पोकळ आला.

"भरीव!" मी म्हणालो.