माझे बाबा फॉर्मर, माझी आई सर्व्हायव्हर

"मी पण येतो बँकेत," एवढंच मी त्या सकाळी बोललो. तोंड बंद ठेवलं असतं तर आज घरात शांतता असती. (म्हणजे पूर्वी होती तीच शांतता. बाबा बोलणार आणि बाकीचे गप्प.)

बाबा तीन महिन्यांपूर्वी पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. खात्यानं त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ, एक निरोपाचं भाषण आणि एक रक्कम दिली. घड्याळ आठवड्यात बंद पडलं. भाषण ते स्वतःच रोज पुन्हा करतात. रक्कम मात्र बचत खात्यात लोळत पडली होती, कारण ती कुठे ठेवायची याचा अभ्यास चालू होता. अभ्यास म्हणजे बाबा पेपरातली व्याजदरांची जाहिरात कात्रीनं कापायचे आणि उशीखाली ठेवायचे.

त्याच तीन महिन्यांत आईची दाढ ठणकत होती. दाताच्या डॉक्टरनं खर्चाचा आकडा लिहून दिला होता. तो कागद आईनं बाबांपुढे तीनदा धरला. पहिल्यांदा बाबा म्हणाले, "पेन्शन सुरू होऊ दे." दुसऱ्यांदा म्हणाले, "रक्कम मार्गी लागू दे." तिसऱ्यांदा म्हणाले, "बाकीचे दात आहेत ना?"

ते ऐकून मी संतापानं ताटावरून उठलो. (जेवण झालं होतं, पण उठलो संतापानंच.) तीस वर्षं ही बाई पैसे मागते आणि तीस वर्षं हा माणूस विचारतो, "कशाला?" ऑफिसात अशी फाइल परत पाठवायला शेरा तरी लिहावा लागतो. घरी तोंडी भागतं. मी ठरवलं, ठेव होईल ती आईला स्वतःच्या सहीनं मोडता येईल अशीच होईल. बाबांना "कशाला" विचारायची सोयच उरता कामा नये.

आता माझ्या बँकिंगच्या ज्ञानाविषयी. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण तिथले सर पुस्तक वाचून दाखवायचे आणि ते मला घरीही वाचता येत होतं. (घरीही वाचलं नाही, तो मुद्दा वेगळा.) सध्या मी झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. बँकेच्या परीक्षांना बसणारी पोरं तिथे नोट्स घेऊन येतात. मशीन चालू असताना मी त्या वाचतो. पण मशीन पाठपोट छापतं आणि वरची बाजूच तेवढी दिसते, त्यामुळे मला विषम पानांवरचं बँकिंग येतं.

घरातून निघायच्या आधी शेजारचे बँकवाले काका आले. हे बँकेतून रिटायर झालेले, त्यामुळे आमच्या गल्लीत पैशाबद्दल शेवटचा शब्द यांचा. कोणत्या पदावरून रिटायर झाले, हे त्यांना आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि त्यांनी सांगायची घाई केलेली नाही.

"फिक्स करा, साहेब. डोळे मिटून फिक्स," काका म्हणाले.

"आणि ते रिकरिंग काय असतं?" बाबांनी विचारलं.

"ते वाईट. रिकरिंग म्हणजे पुन्हा पुन्हा बँकेत जावं लागतं."

"काका, दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची असते ती," मी म्हणालो. (पान एकवीस.)

"तेच म्हटलं ना मी! पुन्हा पुन्हा!"

"अर्धवट शिकलेल्यानं मध्ये तोंड घालू नये," बाबा म्हणाले. "करंट अकाउंट कसं?"

"करंटला हात लावू नका. व्याजच नाही." (हे बरोबर निघालं. चुकून कोणाचंही काही बरोबर निघतं.)

"व्याज दर महिन्याला घ्यायचं की शेवटी एकदम?" मी विचारलं.

"शेवटी," बाबा म्हणाले.

"कोणाच्या शेवटी?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. तिचा गाल सुजल्यामुळे शब्द नीट फुटला नाही, आणि बाबांना तो ऐकू न आल्याचं सोंग घेता आलं.

बँकेत आम्ही चौघं गेलो. (आई आणि तिचं ओळखपत्र मी आग्रहानं सोबत घेतलं होतं.) तिथे गर्दी होती. टोकन देणारं यंत्र बिघडलेलं, म्हणून वॉचमन वहीच्या पानावर आकडे लिहून तुकडे वाटत होता. छताचा एसी खाली ठेवलेल्या बादलीत टपटपत होता. प्रत्येक टेबलावरचं पेन दोऱ्यानं बांधलेलं, आणि दोरा इतका आखूड की सही करायला माणसानं वाकलंच पाहिजे. काकांनी छाती काढून वॉचमनला सांगितलं, "आम्हाला टोकन नको. आपला माणूस म्हण आत."

वॉचमननं निरखून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे! कॅश व्हॅनवाले ड्रायव्हरसाहेब! गाडीनं आलात का? मागे लावू नका हं, नवे साहेब ओरडतात."

काका एसीच्या बादलीकडे बघत राहिले. बाबा काकांकडे बघत राहिले. पंधरा वर्षं हा माणूस आमच्या घरी बसून व्याजदर सांगत होता, आणि तो खरं तर पैसे घेऊन नुसता डावीकडे-उजवीकडे वळत होता. माझ्याकडे बघून कोणी "अर्धवट" म्हणालं नाही, तेवढं मी मोजून ठेवलं.

आमचा नंबर आला. ठेवींच्या टेबलामागे एक तरुण मॅडम बसल्या होत्या. त्यांनी फॉर्म काढला. "ठेव एकाच्या नावानं की जॉइंट?"

"एकाच्या," बाबा म्हणाले.

"जॉइंट," मी म्हणालो.

"तुम्ही कोण?"

"मुलगा."

"झेरॉक्स काढतो," बाबांनी खुलासा केला.

मॅडमनी बाबांना समजावलं, "सर, जॉइंट केली तर बरं. उद्या तुम्हाला काही झालं तर काकूंना त्रास नको."

"काही म्हणजे काय?"

"म्हणजे... तुमच्या पश्चात."

बाबांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांच्या पश्चातही काही चालू राहणार, ही कल्पना त्यांना आधीपासूनच पटत नाही. त्यांनी मान वळवली. तेवढ्यात मॅडमनी दोघांची ओळखपत्रं उघडली आणि थबकल्या.

"सर, तुम्ही अठ्ठावन्न. काकू साठ पूर्ण!"

चोवीस वर्षं मी या घरात ऐकत होतो, "तुझ्यापेक्षा मी मोठा आहे, मला कळतं." हे वाक्य बाबा सगळ्यांना म्हणायचे. आईलासुद्धा.

"आई, तू बाबांपेक्षा मोठी?"

"दोनच वर्षं," आई दुसऱ्या गालानं म्हणाली. "लग्नात सांगायचं नाही असं ठरलं होतं."

"हळू बोल," बाबा म्हणाले, आणि मागे वळून रांग ऐकते आहे का ते पाहिलं. ऐकत होती. रांगेतल्या एका आजोबांनी बाबांकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली.

"अहो, फायदाच आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिलं नाव ज्येष्ठ नागरिकाचं असेल तर अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं. काकूंचं नाव पहिलं लावा."

अर्धा टक्का! बाबांच्या चेहऱ्यावर लाज आणि हाव यांची झटापट झाली. हाव जिंकली. (पहिल्याच फेरीत.) त्यांनी स्वतःच्या हातानं, हेडक्लार्कच्या गोल गोल अक्षरात, आईचं नाव पहिलं लिहिलं आणि खाली स्वतःचं. मग त्या चौकटीशी पेन थांबलं. खाते चालवण्याची पद्धत. आयदर ऑर सर्व्हायव्हर. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर.

पान सदतीस! मला पाठ होतं. आयदर म्हणजे दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं. फॉर्मर म्हणजे ज्याचं नाव आधी, तो एकटाच. दुसऱ्यानं पहिला जाईपर्यंत वाट बघायची.

"हे काय ते?" बाबांनी काकांना हळूच विचारलं. सवय सुटत नाही.

"फार्मर म्हणजे शेतकरी," काका म्हणाले. आवाजात जरा जोर परत आला होता. "शेतकऱ्याला टॅक्स माफ असतो. पण आपली जमीन नाही. पकडले जाल."

"फार्मर नाही ते, फॉर्मर आहे," बाबा खेकसले. "फॉर्मर म्हणजे माजी!"

"सर, मी सांगते," मॅडम म्हणाल्या, "फॉर्मर म्हणजे इथे..."

"मॅडम, मला इंग्रजी शिकवू नका. अडतीस वर्षं ड्राफ्टिंग केलंय मी. फॉर्मर म्हणजे माजी. आमच्यात माजी कोण? मी. माजी हेडक्लार्क. ही कुठे नोकरीत होती माजी व्हायला? म्हणजे फॉर्मर मी. बरोबर?"

"नाही सर, ऐका तरी..."

"आणि आयदरमध्ये कोणीही पैसे काढणार. असलं ढिलं काम आपल्याला चालत नाही."

त्यांनी फॉर्मरवर टिक केली. टिक अशी ठसठशीत की खालच्या कार्बन कॉपीला भोक पडलं.

आता मी काय करावं? माझ्या जिभेवर सगळं होतं. मुलगा म्हणून सांगायला हवं होतं. पण "बाकीचे दात आहेत ना" हेही माझ्या कानात होतं. मी दातांवर दात दाबून गप्प बसलो. (माझे सगळे आहेत.) मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मॅडमनी आईकडे पाहिलं, आईनं पर्स उघडून उगाच रुमाल शोधला.

"सर, पूर्ण वाचूनच सही करा," मॅडम एकदा शेवटचं म्हणाल्या.

न वाचता सही केली म्हणून ज्या माणसानं तीन शिपायांच्या रजा नामंजूर केल्या होत्या, त्या माणसानं वाकून, आखूड दोऱ्याला हिसका देत, चार ठिकाणी न वाचता सही केली. आईनं प्रत्येक पान डोळ्यांजवळ धरून, सावकाश वाचून सही केली. तिला एवढा वेळ लागला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, कादंबरी नाही ती."

अर्ध्या तासानं ठेवीची पावती छापून आली. बाबांनी हात पुढे केला. मॅडमनी पावती त्यांच्या हाताशेजारून नेऊन आईपुढे ठेवली.

"इकडे द्या," बाबा म्हणाले. "फॉर्मर मी आहे."

"नाही सर. फॉर्मर म्हणजे पहिलं नाव. काकू फॉर्मर. ठेव मोडायची तर त्यांची एकट्यांची सही. व्याजही त्यांच्याच खात्यात, दर महिन्याला, तुम्ही सही केलीय त्यात तसंच आहे. ते खातं आत्ताच उघडलंय."

"मग मी कोण?"

"तुम्ही सर्व्हायव्हर."

"म्हणजे मला पैसे कधी मिळणार?"

मॅडमनी कसनुसं हसत सांगितलं, "काकूंच्या पश्चात."

बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. तो कोणत्या भाषेतला होता ते सांगता येणार नाही. मग ते टेबलावर हात आपटत म्हणाले, "बदला! आत्ताच्या आत्ता बदला!"

"बदलता येईल, पण दोघांच्या सह्या लागतील. काकू?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. बाबांनी, काकांनी, वॉचमननं, मागच्या आजोबांनी. आईनं पावतीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन ओढली आणि सुजलेल्या गालावर हात ठेवून म्हणाली, "कशाला?"

चोवीस वर्षांत मी एवढा सुंदर शेरा ऐकला नव्हता.

बाबा मटकन खुर्चीत बसले. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी आईच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "बघितलंस? मला आधीच माहीत होतं. मुद्दाम गप्प बसलो. तुझ्यासाठी."

"मलाही माहीत होतं," आई म्हणाली. "ते तिघं भांडत होते तेव्हा मी टेबलावरच्या कोऱ्या फॉर्मची मागची बाजू वाचली. तिथे सगळं मराठीत लिहिलंय."

मागची बाजू! मी जरा खट्टू झालो, पण मोठेपणानं सोडून दिलं. काही झालं तरी क्रांती झाली होती आणि तिच्यात माझाही हात होता. मी ताठ उभा राहिलो. अर्धवट म्हणणाऱ्यांनी आता बघावं.

"काकू, एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "नॉमिनी कोण लावायचा?"

"हा," आईनं माझ्याकडे बोट केलं. माझे डोळे भरून आले. तिच्या स्वतंत्र आयुष्यातला पहिला निर्णय, आणि तो मी!

आईनं फॉर्म ओढून घेतला आणि स्वतः भरायला लागली. माझं नाव लिहिलं. नातं, मुलगा. पुढच्या रकान्याशी ती थांबली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, सुस्कारा सोडला, काहीतरी लिहिलं, त्याच्या पुढेही काहीतरी लिहिलं आणि फॉर्म सरकवला.

मॅडमनी तो वाचला आणि तोंडावर हात धरला. "काकू, नॉमिनी अज्ञान आहे का, याला तुम्ही 'होय' लिहिलंय?"

"हो. पण मनानं चांगला आहे हो तो."

"आई!"

"काकू, अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. लहान मूल. बँकेच्या भाषेत तसं म्हणतात. मूल अज्ञान असेल तरच पालकाचं नाव लिहायचं. तुम्ही इथे सरांचं नाव लिहिलंय."

खुर्चीतल्या बाबांनी सकाळपासून पहिल्यांदा मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला.

"अगं बाई, असं होय!" आई म्हणाली. "मला वाटलं, खरं खरंच विचारतायत." तिनं दोऱ्याचं पेन ओढलं, वाकली आणि 'होय' नीट खोडून टाकलं.

मग तिनं जरा विचार केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि फॉर्म परत मॅडमकडे ढकलला.

"पालकाचं नाव तेवढं राहू द्या."