दलालांची गोचीड

बंदरावर माणसं मोजायची तर डोकी मोजतात. आमचे गुणातात्या गठ्ठे मोजायचे, आणि प्रत्येक गठ्ठ्याला त्यांनी नाव ठेवलेलं होतं.

"चला, मास्तरांची छडी पयल्या पडावात! वकिलांची तारीख मागसून! ओ भटांची पंगत, सगळे एका बाजूक बसा नको, पडाव कलंडात!"

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि आम्हां मालवणकरांची मुंबई आगबोटीच्या पलीकडे होती. आगबोट खडकांमुळे किनाऱ्याला लागत नसे. लांब पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून, म्हणजे मोठ्या वल्ह्यांच्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचे. या पडावांचे मुकादम गुणातात्या. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला टॉवेल, आणि आवाज असा की आगबोटीच्या भोंग्याने लाजावं.

पडाव दिसला की माणसं त्यावर तुटून पडतात. म्हणून तात्यांनी शक्कल काढली होती. उतारू धंद्यावारी वेगळे करायचे आणि एकेक घोळका चढवायचा. "एका धंद्याची माणसां एकमेकांका धक्को मारनत नाय," ते सांगायचे. "एकमेकांची लाज वाटता."

मग न्हाव्यांची खबर, शिंप्यांचा परवा, पोलिसांची शिट्टी, कारकुनांची जांभई, दशावतारी नटांचं जागरण. कोणी रागवायचं नाही. एकदा दोन तलाठी बराच वेळ ताटकळले आणि शेवटी आपण होऊन विचारते झाले, "तात्या, आमचं काय?"

"तलाठ्यांची हुलकावणी," तात्या म्हणाले. "आज नाय, उद्या येवा."

तेही हसले. सरकारी माणसं, त्यांना काय जातं हसायला?

मी मात्र हसलो नाही, आणि का ते सांगतो. वालावलहून डोक्यावर नारळ वाहत मी धंदा सुरू केला. पुढे सुपारी, कोकम, मग स्वतःची वखार. वखार झाली त्या साली मी कोट शिवला आणि तो घालून पहिल्यांदा मुंबईला निघालो. बंदरावर आणखी चार दलाल उभे होते. तात्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आरोळी ठोकली, "दलालांची गोचीड, तिसऱ्या पडावात!"

अख्खं बंदर हसलं. सगळ्यांत जोरात हसले ते आदल्याच दिवशी माझ्या वखारीची वास्तुशांत करून दक्षिणा घेऊन गेलेले भटजी. बाकीचे चार दलाल हसत हसत पडावात चढले. मी पाण्यातच उभा राहिलो.

"तात्यानू, गोचीड कोणाक म्हणतास?"

"तुमका न्हय हो, शेटीनू. तुमच्या घोळक्याक. एकले तुमी बरे आसास."

मी भाव पाडण्यात हयात घालवलेला माणूस. म्हटलं, हाही सौदाच आहे, आज ना उद्या पटेल. त्यानंतर नऊ वर्षं मी तात्यांशी त्या एका शब्दावर घासाघीस केली.

"मेळो म्हणा."

"मेळो देवाचो."

"बरां, थवो म्हणा."

"थवो पाखरांचो. पाखरां दुसऱ्याच्या झाडाचा खातत, पण भाव पाडून खानत नाय."

नारळांची एक पेंडी पाठवली. तात्यांनी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी उतारूंनी भरलेल्या बंदरावर हात जोडून म्हणाले, "गोचडीकडसून नारळ पावले!" मी भडकलो, छत्री आपटली, छत्रीची काडी मोडली. आगबोटीने जायचंच नाही अशी शपथ घेतली. पंधरा दिवसांत ती मोडावी लागली, कारण माल मुंबईला आणि मी मालवणात, हे परवडणारं नव्हतं.

तोवर माझी मुलगी लग्नाची झाली. मुंबईचं स्थळ आलं. मुलाचे वडील एका कचेरीत हेडक्लार्क, मुलगी बघायला वैशाखात आगबोटीने येणार. जेवणाची पानं, बसायला सतरंज्या, सगळं माझ्या हातात होतं. हातात नव्हतं ते एकच. धोतराचा सोगा सावरत व्याही पडावातून उतरणार आणि नारळांच्या वेळेसारखी भर बंदरावर, त्यांच्या देखत, मुकादम माझी गोचीड करणार! मुंबईची माणसं. उतरल्यापावली परत गेली तर?

आता सौद्याचा एक नियम आहे. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर त्याच्या मर्जीतला माणूस गाठावा. तात्यांच्या मर्जीतला माणूस मला ठाऊक होता.

तात्यांची दुसरी एक रीत होती. जाताना माणसं गठ्ठ्याने चढवायची, पण येताना नाही. मुंबईहून आलेला पडाव लागला की ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचे आणि उतरणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं नाव घ्यायचे. अनोळखी असला तर विचारून घ्यायचे. माझंही घ्यायचे, पण मी रागात असे, ढकलल्यासारखा पुढे निघून जाई. सगळ्यांत शेवटी मागून त्यांची हाक यायची, "दाजी!" मग थोड्या वेळाने, "ओढा रे पडाव!"

दाजी. असेल कोणी वल्हेकरी. रोज ज्याला नावाने हाक, तो लाडकाच असणार. मी केळ्यांची एक मोठी फणी घेतली आणि दाजीला शोधत बंदरावर गेलो. पडाव हाकणारा सावळा नावाचा गडी दोर वळत बसला होता.

"सावळ्या, दाजी खंय आसा?"

"खंयचो दाजी?"

"तात्या रोज शेवटाक हाक मारतत तो रे!"

सावळ्याने दोर खाली ठेवला. "शेटीनू, इतकी वर्सां येतास जातास, कधी मागे वळान बघलास नाय?"

"माका घाई असता."

"दाजी तात्याचो झील."

मुलगा. गलबतावर खलाशी होता. एका तुफानात गलबत फुटलं आणि बंदरावर तार आली, खलाशी सर्व सुखरूप. तात्यांनी सगळ्या बंदराला साखर वाटली. तिसऱ्या दिवशी खलाशी आगबोटीने आले, तात्यांच्याच पडावातून उतरले. तात्या पाण्यात उभे होते. सगळे उतरले. दाजी नव्हता.

"तार करणाऱ्यान गठ्ठो मोजलेलो," सावळ्या म्हणाला. "तेवापासून उतरताना तात्या नावां घेतत."

मला तेव्हा कुठे आठवलं. मास्तर, वकील, न्हावी, सगळ्यांना नाव होतं. खलाश्यांना तात्यांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. बंदरावर राहून, रोज खलाशी बघून! आणि मी नऊ वर्षं नुसता माझ्या गोचिडीला कवटाळून बसलो होतो.

केळी सावळ्याला दिली आणि घरी आलो.

पाहुण्यांना आणायला मी स्वतः आगबोटीपर्यंत जायचं ठरवलं. बंदरावर आणखी दोन दलाल होते, त्यामुळे सुटका नव्हती.

"दलालांची गोचीड, बसा!"

बसलो. भांडलो नाही. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला ताप आला आहे.

येताना वारा सुटला होता. व्याही पडावाची कड धरून बसले होते, विहीणबाई देवाचं नाव घेत होत्या. पडाव किनाऱ्याला लागला. तात्यांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, नाव विचारलं, ते मोठ्याने पुन्हा म्हटलं. मग विहीणबाईंचं विचारलं. त्या बिचकल्या, पण त्यांनी सांगितलं. मी सगळ्यांच्या शेवटी उतरलो.

"वासुदेव," तात्या म्हणाले. हात जड होता.

वाळूत व्याही बूट हातात घेऊन उभे. "चला ना शेट, गाडी खोळंबली असेल. आणखी कोण राहिलंय?"

मागून हाक आली, "दाजी!"

मी व्याह्यांची पिशवी खाली ठेवली आणि वळून उभा राहिलो.

"जरा थांबा," मी म्हटलं. "एक माणूस उतरतोय."