बापूमास्तरांचा तेरा

आमच्या रेवदंड्यात बापूमास्तर रोज संध्याकाळी अंगणात समोरासमोर दोन पाट मांडत. एकावर स्वतः बसत, दुसऱ्यावर कोणाला टेकूसुद्धा देत नसत. मधे चार शिंपल्यांची ओळ: तीन उताण्या, एक पालथी. रोज तीच. मी शेजारी, मला हे काही सरळ दिसेना.

शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस. "पलीकडून बघा" हे त्यांचं पालुपद. साधा बांगडा घेतानाही मासा पलीकडून बघायचे आणि मग नको म्हणायचे. हिराबाय कोळीण वैतागलेली होती. "मास्तर करनी करतंय," ती मला हळूच म्हणाली. "त्या पाटावर कोन येऊन बसतं, ठाव हाय?"

शेवटी मी विचारलंच. मास्तरांनी मला गणित शिकवलं. उजवीकडून शिंपल्यांची किंमत एक, दोन, चार, आठ. उताण्या तेवढ्या मिळवायच्या. डावीकडच्या दोनच उताण्या असल्या तर बारा. तीच ओळ समोरून वाचली की तीन. मग दोघांचा दृढभाजक काढायचा, म्हणजे दोघांना निःशेष भागणारा मोठ्यात मोठा आकडा. इथे तीन. पाटाबद्दल मात्र चकार शब्द नाही. माझा संशय उलट वाढलाच.

ते मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस. दर्यातून चोरटं मीठ नेणाऱ्या मचव्यांना ही शिंपल्यांची खूण असणार, असं पोलीस जमादाराच्या डोक्यात बसलं. तो आला आणि थेट त्या पाटावरच बसायला गेला. मास्तरांनी हात आडवा घातला. मग इथं कोण बसतं ते सांगा, नाहीतर अलिबागला चला, असं त्यानं बजावलं.

मास्तरांनी आडवा हात खाली घेतला.

"आमची ही बसायची," ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं सांगितलं. मास्तरीणबाईंना हा खेळ मास्तरांनीच शिकवलेला. बाई रुसल्या की हीच ओळ मांडायच्या. त्यांच्या बाजूनं तेरा, मास्तरांच्या बाजूनं अकरा. दोघांत एकाशिवाय सामाईक काही नाही. राग गेला की पालथी शिंपली उताणी करायच्या. मग दोन्हीकडून पंधरा. रुसेल त्यानंच ती उलटायची, असा त्यांचा नियम होता.

"गेली त्या दिवशी तेराच मांडलेला होता."

म्हाताऱ्याला एकदा पंधरा दिसू दे, असं जमादाराला वाटलं असावं. त्यानं वाकून पालथ्या शिंपलीकडे हात नेला.

मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"असू द्या, जमादार. ती तिनं उलटायची आहे."