गलीना रुसली

गलीनाच्या दारात 'ब्रदर-इन-लॉ' असं मोघम सांगून कुणी आत गेलेलं मला माहीत नाही.

इकडे परदेशात, मॉसन लेक्स नावाच्या उपनगरात, आमच्या मागच्या रस्त्यावर ही युक्रेनची म्हातारी राहायची. तेव्हा आपल्याकडची पोरं लोंढ्याने इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला येत होती, खोल्या मिळत नव्हत्या. गलीनाने दोन खोल्या मुलींना दिल्या होत्या. कुणी आलं की ही दार अर्धं उघडून विचारायची, "कोण? कुणाकडून?"

एक पोरगा तिच्याकडे राहणाऱ्या वैशालीला भेटायला आधी बहिणीचा नवरा म्हणून आला, पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा भाऊ म्हणून. गलीना म्हणाली, "वैशालीला नवराच नाही. तुला दीर कुणी केलं?" आणि दार लावून घेतलं.

तो पोरगा म्हणजे माझा धाकटा, सचिन.

बाई आहे तरी कोण, म्हणून मीच बघायला गेले. मी चौथी शिकलेली. तिचं इंग्रजीही माझ्याइतकंच फाटकं. पण नात्यांवरून आमचं जमलं. दिराला ती दिवेर म्हणायची. नणंदेला तिच्या युक्रेनियनमध्ये झोवित्स्या, नवऱ्याच्या रशियनमध्ये झोलोव्का. साडूला वेगळा शब्द, व्याह्याला वेगळा. "इंग्रज गरीब," ती म्हणायची. "सगळ्या घराला एकच कोट."

एकदा मी विचारलं, "तुझी नणंद कशी होती गं? माझी तर विंचू होती."

"नव्हती. नवरा अनाथाश्रमातला. मी एकुलती. मूल नाही. लग्नाआधी आईने सगळे शब्द पाठ करून घेतले. एकही लागला नाही." एवढं बोलून ती बटाटे सोलायला लागली.

पुढे सचिन-वैशालीचं ठरलं. वैशालीला आई नाही, वडिलांना व्हिसा मिळाला नाही. मी साडी-नारळ घेऊन गलीनाकडे गेले. दार अर्धं उघडलं.

"कोण?"

"विहीण."

"कुणाकडून?"

"मुलाकडून. तुझी विहीण."

ती कडीला हात लावून उभीच राहिली. मग हळू म्हणाली, "स्वाखा."

"असेल. आत घे, हात दुखले."

मग तिने आमच्या सगळ्या रीती विचारून घेतल्या. लग्नात विहीण रुसते, मग व्याह्यांकडचे तिची समजूत काढतात, हेही मी सांगितलं. कुठली विहीण, ते सांगायचं राहिलं. आमच्यात रुसायचा मान मुलाच्या आईचा, म्हणजे माझा.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पंगत बसली, तर गलीना साडीवर लोकरीचं जाकीट घालून कोपऱ्यात. तोंड भिंतीकडे. जेवेना, बोलेना.

"आई, हिला काय झालं?" सचिनने विचारलं.

"रुसलीय."

"पण रुसायचं तुझं ना?"

"तू गप बस. नवरदेव आहेस."

मी जिलबीचं ताट घेऊन गेले. गुडघे धरून तिच्यासमोर बसले. "काय चुकलं आमचं, विहीणबाई?"

तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि माझ्या कानाशी वाकली.

"काही नाही," म्हणाली. "अजून एकदा विचार."