चारही चाकं जुंपली

धर्मेंद्र भोयरच्या जीपला वळणावर कट्-कट् आवाज येऊ लागला, आणि ही गोष्ट त्याने नागपूरच्या अख्ख्या सक्करदऱ्याला सांगितली. फक्त बायकोला सांगितली नाही. बायको म्हणजे हर्षा, मिहानमध्ये विमानं दुरुस्त करणारी इंजिनीअर.

न सांगण्याला कारण होतं. ही सेकंडहँड जीप घेताना तिने अट घातली होती, "एकदा जरी रस्त्यात बंद पडली, तर दुसऱ्याच दिवशी विकायची." धर्मेंद्रने देवघरासमोर होकार दिला होता. आता जीपवर त्याचा जीव जडला होता. रामदासपेठेतल्या विमा ऑफिसात लोक त्याला 'साहेब' म्हणत ते जीपमुळेच, अशी त्याची पक्की समजूत होती. ती गेली तर आपण पुन्हा नुसते भोयर, या विचाराने त्याला जेवण जात नव्हतं.

रोगाचं मूळ जीपच्या पूजेच्या दिवशीचं. चाकाखाली लिंबू ठेवताना वडिलांना, म्हणजे महादेवरावांना, गिअरशेजारची छोटी दांडी दिसली.

"हे कायची गा?"

"बाबाजी, हिले इकडे केलं तर मागचे दोनच चाकं ओढतात. तिकडे केलं तर चारही."

महादेवरावांचा जन्म शेतीत गेलेला. "दावणीले चार बैल असल्यावर दोनच काहून जुंपतं? बाकीचे दोन काय फुकटचे चरतीन?"

एवढं तर्कशुद्ध बोलणं धर्मेंद्रला पटलं. त्याने चारही जुंपले, आणि दांडी तिथेच राहिली. नागपुरात चिखल हवा असेल तर आता मुद्दाम शोधावा लागतो, जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते. पण जीप रोज दलदलीतून निघाल्यासारखी चारही चाकांनी ऑफिसला जात होती.

पहिलं निदान नत्थूजी मिस्त्रींनी केलं. नत्थूजी गाडीत बसत नसत. गाडी चालवून दोष शोधणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते खुर्चीत बसून धर्मेंद्रला समोरून सरळ जायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. आवाज वळणावर यायचा, त्यामुळे त्यांना तो कधीच ऐकू आला नाही. तरीही त्यांनी शॉकअप बदलले. मग व्हील बेअरिंग बदललं. आवाज होता तसाच राहिला.

दुसरं निदान ओमप्रकाशचं. तो 'जंगल के शेर' या जीपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन. हे शेर सावजी हॉटेलच्या पार्किंगपलीकडे कधी गेले नव्हते. ओमप्रकाशने फोनवर आवाज ऐकला आणि म्हणाला, "भाऊ, इंजन ऑइल बदल. और जरा तेज चला, गाडी खुल जाएगी." ग्रुपवर बाकी सदतीस जणांनी सदतीस रोग सांगितले. धर्मेंद्रने ऑइल बदललं, जीप तेज चालवली, आणि आवाज कट्-कटचा खट्-खट झाला.

अशात हर्षाच्या भाचीचं बारसं आलं. रविवारी सकाळी महादेवरावांसकट सगळे उमरेडला निघाले. हर्षा रोज स्कूटरने जायची, जीपमध्ये ती तिसऱ्यांदाच बसत होती. पहिल्याच वळणावर तिने कान टवकारले.

"कायचा आवाज येऊन राहिला?"

"रस्ता खराब हाय वं," धर्मेंद्र म्हणाला आणि भजनाचा आवाज वाढवला.

"मागच्याच महिन्यात झाला ना हा रस्ता?"

"म्हणूनच."

दिघोरीच्या चौकात वळताना खालून धाडकन आवाज आला. लोखंडावर लोखंड आपटलं आणि जीप चौकाच्या मधोमध उभी राहिली. मागच्या बसवाल्याने धर्मेंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

हर्षाने दांडीकडे पाहिलं. "हे चारमध्ये कधीपासून हाय?"

"पूजेपासून."

"अवो, वळताना पुढच्या चाकांले जास्त अंतर जाव लागते अन् मागच्यांले कमी. चिखलात चाकं घसरून घेतात. सिमेंटवर कुठं घसरतीन? चारही एकमेकांले ओढतात अन् मधलं लोखंड पिळल्या जाते. पुढची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जोड तुटला तुमचा."

मग तिने पैठणीचा पदर खोचला, पाना घेतला आणि चार बघ्यांच्या देखत जीपखाली शिरली. वीस मिनिटांत लोंबकळणारा शाफ्ट काढून तिने तो महादेवरावांच्या मांडीवर दिला, दांडी दोनवर आणली आणि स्वतः जीप चालवत उमरेडला नेली. एकाही वळणावर आवाज आला नाही. धर्मेंद्रला लाज वाटली, पण त्याहून जास्त बायकोचा अभिमान वाटला.

"बंद थोडीच पडली," संध्याकाळी त्याने क्षीण प्रयत्न केला, "फक्त थांबली होती."

"उद्या विकायची."

सोमवारी हर्षाने विक्रीचे कागद त्याच्यासमोर ठेवले. घेणाऱ्याच्या रकान्यात तिचंच नाव होतं.

"तू घेऊन राहिली?" धर्मेंद्र चाट पडला.

"काहून, मी गिऱ्हाईक नाही का? गाडी चांगली हाय, चालवणारा बदलाव लागते. माझी स्कूटर तुम्ही न्या." मग ती खुर्ची ओढून, खऱ्या गिऱ्हाइकासारखी डोळे बारीक करून बसली. "बोला. गाडीत काही आवाज-बिवाज?"

"काहीच नाही जी," धर्मेंद्रच्या तोंडून आपोआप निघालं. "एकदम मक्खन."

"मंग विकता काहून?"

"बायकोले पसंत नाही."