काकाजींचा ताण

गुणवंतकाकाजींकडे चहा मागून मिळत नसे, आणि न मागता तर मुळीच नाही. तुम्ही ओसरीतल्या बाजेवर बसायचं, गावच्या सगळ्या गोष्टी संपवायच्या, उठायच्या बेतात यायचं, मग ते आत आवाज देणार, "चाहा ठेव वं." आधी काऊन नाही? तर म्हणे, "ताण देल्याशिवाय चव येत नाई."

रोहण्यात आमचं घर त्यांच्या घराला लागून. काकाजींची संत्र्याची बाग. संत्र्याला बहार हवा तर थंडीत पाणी तोडतात, पानं मलूल होईस्तोवर झाड तहानलेलं ठेवतात आणि मग पाणी सोडतात. याला म्हणतात ताण देणं. बागवाले झाडांना ताण देतात. काकाजी सगळ्यांनाच देत. जावयाचा निरोप आला की उत्तर आठवड्यानं. रेडिओवर गाणं रंगात आलं की बटण बंद. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा आईनं पेढे वाटले. काकाजींनी आपला पेढा खिशात टाकला आणि म्हणाले, "लय कौतुक नोका करू. ताण द्या पोराले." तेव्हापासून ते मला बीएस्सीच म्हणत. चिडवायला म्हणत, पण मला आवडायचं.

पुढे काकूचं एक मूत्रपिंड कॅन्सरपायी काढावं लागलं, आणि वर्षभरात फुप्फुसात गाठी दिसल्या. नागपूरच्या दवाखान्यात सोबत मीच होतो. डॉक्टरबाई तरुण होत्या, घाई न करता सांगत होत्या. गाठ वाढते ती रक्तावर. ती आसपास निरोप धाडते आणि बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटून तिच्याकडे येतात, शेतात पाट काढावे तशा. ही नवीन गोळी ते पाट होऊच देत नाही. गाठ उपाशी राहते, वाढ अडते. समूळ जाईलच असं नाही, पण आवरता येईल. औषधाच्या चाचणीत नाव लागलं होतं, गोळ्या फुकट होत्या. काकूनं फक्त हो म्हणायचं होतं, आणि काकू काकाजींकडे पाहत होती.

काकाजी उठले आणि सरळ व्हरांड्यात गेले. मी मागं गेलो.

"गाठीले ताण देतो म्हन्ते ह्या बाई," ते हळू म्हणाले. "अबे, ताण देला का बहार येते. फुटून निघन ते."

हसण्यासारखं त्यांचं तोंड नव्हतं. झाड वेगळं, माणूस वेगळा, असं मी सांगू लागलो तर म्हणे, "तुह्या बीएस्सीत संत्र्याची बाग होती काय?"

नव्हती. पण मी रोहण्याचा होतो. म्हटलं, "काकाजी, बहार कवा येते? ताण देल्यावर का ताण तोडल्यावर?"

ते व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "पाणी सोडल्यावर."

"मंग आपण पाणी सोडाचंच नाई."

ते आत गेले आणि काकूला म्हणाले, "घे गोळी."

गोळी चार आठवडे घ्यायची, मग दोन आठवडे सुट्टी. या सुट्टीनं काकाजींचा जीव खाल्ला. पाणी सुटते ना इथं! शरीरालाही दम खाऊ द्यावा लागतो, असं डॉक्टरबाईंनी त्यांना दरवेळी नव्यानं सांगितलं. काकूचे तळपाय चुरचुरत, तोंड येई. गोळीच्या दिवसांत केस पांढरे उगवत, सुट्टीत काळे. काही महिन्यांत डोक्यावर चक्क पट्टे पडले. शेजारणी विचारत, कोणता रंग लावतेस वं? काकू म्हणे, "नागपूरचा हाय. इथं नाई भेटत."

मग तपासणीचे फोटो आले. गाठी लहान झाल्या होत्या. पुढंही पाहत राहावं लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकाजींकडे गेलो. रेडिओवर गाणं रंगात आलेलं, आणि चालूच. मी बाजेवर टेकतो न टेकतो तोच काकाजी स्वतः चहा घेऊन आले. मी कपाकडे पाहत राहिलो.

"पाह्यतं काय, बीएस्सी? घे. ताण आता घरात एकाच जागी. बाकी सगळ्याईले पाणी सोडलं मी."

एवढं बोलून ते आत गेले. काकूच्या तोंडाला गरम सोसत नव्हतं. दारातून मला दिसलं, ते बशीत चहा ओतून फुंकर घालत होते, पुन्हा पुन्हा, बोट बुडवून पाहत.

"देता का आता," काकू म्हणाली, "का मलेही ताण देऊन राह्यले?"